प्रिया तेंडुलकर आणि प्रश्न विचारण्याचा हक्क

१९ सप्टेंबर २००२ रोजी प्रिया तेंडुलकर यांचे मुंबईत निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी व्हायला तेव्हा एक महिना बाकी होता. कर्करोगाशी त्या झुंजत होत्या. अखेर हृदयविकाराने गाठले. त्या दिवशी ज्यांना हळहळ वाटली त्यांत केवळ नाट्य-चित्रपटांचे रसिक नव्हते. रेशनच्या दुकानापुढे, गॅसच्या नोंदणीसाठी, विजेच्या बिलासाठी ज्यांनी तासन्‌तास ताटकळत काढले होते, अशा लक्षावधी स्त्रियांना आपल्या वतीने बोलणारे कोणी तरी गेले असे वाटले. या घटनेला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. अजूनही त्यांची आठवण निघते, पण बहुधा ‘धीट बाई होती’ एवढ्यावर ती संपते. धीटपणाचे असे कौतुक करायला काही किंमत मोजावी लागत नाही. त्यांनी दूरचित्रवाणीवर नेमके काय केले, त्याचे सामर्थ्य कशात होते, आणि त्याला मर्यादा कोठे पडली, याचा विचार समाजवादी चळवळीने करणे अगत्याचे आहे. कारण ज्या कामाला त्यांनी पडद्यावर हात घातला ते मुळात चळवळीचेच काम होते.

विजय तेंडुलकरांच्या घरात त्यांचा जन्म झाला, १९ ऑक्टोबर १९५४ रोजी. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांवरून १९७२ च्या सुमारास महाराष्ट्रात जे वादळ उठले ते या घराने उंबरठ्याच्या आतून पाहिले. प्रेक्षकाला गोंजारायचे नाही, त्याला अडचणीत टाकायचे, हा संस्कार तेथलाच असावा. श्याम बेनेगलांच्या १९७४ च्या ‘अंकुर’मध्ये त्या दिसल्या, पुढे मराठी चित्रपटांत नायिका झाल्या. पण त्याबरोबरच त्यांनी पंचतारांकित हॉटेलात आणि विमानात नोकऱ्या केल्या. दुसऱ्याची सरबराई करण्याच्या त्या अनुभवातून ‘पंचतारांकित’ हे पुस्तक आले. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा त्यांचा कथासंग्रह मराठी वाचकांस परिचित आहे. हे शीर्षक लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ असे म्हणून आपला समाज पुष्कळ अन्याय पचवीत असतो. लेखिका म्हणून त्यांनी त्या एकटेपणाकडे पाहिले; दूरचित्रवाणीवर मात्र ज्याचा त्याचा प्रश्न हा सर्वांचा प्रश्न असू शकतो, असे त्या ठामपणे सांगत राहिल्या.

१९८५ मध्ये बासु चटर्जी यांची ‘रजनी’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचे जाळे पसरले. वाहिनी एकच होती व ती सरकारची होती. अशा सरकारी माध्यमातून रविवारी सकाळी एक गृहिणी घरोघर येऊ लागली आणि टेलिफोन खात्यापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत जेथे तेथे ‘असे का?’ म्हणून विचारू लागली. गॅस सिलिंडर वेळेवर का येत नाही, या प्रश्नावरील भाग गॅस वितरकांना इतका झोंबला की त्यांनी निषेधाचे आंदोलन केले. एका काल्पनिक पात्राविरुद्ध व्यापाऱ्यांना रस्त्यावर यावेसे वाटले, यातच त्या पात्राचे वजन कळून येते. ‘रजनी’ हे विशेषनाम राहिले नाही. दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्या बाईला लोक थट्टेने ‘रजनी’ म्हणू लागले. आणि त्या थट्टेत थोडा आदरही होता. एरवी अशा बाईसाठी आपल्याकडे ‘भांडकुदळ’ याखेरीज दुसरा शब्द नव्हता.

दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. या दोन गोष्टींचा सांधा थेट जोडणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. ग्राहकाच्या हक्कांचा विचार महाराष्ट्रात त्याआधी दहा-बारा वर्षे रुजत होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. त्याहीपूर्वी, १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणे मोर्चे काढले होते. पडद्यावरच्या रजनीची खरी पूर्वज ही लाटणे हाती घेतलेली बाई होय. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की मोर्चातली बाई एकटी नव्हती. तिच्यामागे संघटना होती, मागण्यांचे निवेदन होते, आणि मागणी मान्य न झाल्यास उद्या पुन्हा येण्याची तयारी होती. रजनी एकटी जात असे. तिच्या तर्कापुढे आणि करारीपणापुढे अधिकारी वरमत असे. आणि अर्ध्या तासात प्रश्न सुटत असे. पाहणाऱ्याच्या मनातला राग तेवढ्याने शमला असेल, तर त्या मालिकेने व्यवस्थेला एक प्रकारे उसंतच दिली, असे म्हणता येईल.

डाव्या आणि समाजवादी वर्तुळांत त्या वेळी हा आक्षेप घेतला गेला, आणि त्यात तथ्य होते. गॅस सिलिंडर हा १९८५ साली शहरी मध्यमवर्गाचा प्रश्न होता. आज जो गोंदिया जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि जो १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, त्या प्रदेशातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव येथील बाई तेव्हा पहाटे उठून जंगलातून सरपणाची मोळी आणीत होती. तिची फसवणूक गॅसच्या दुकानात होत नव्हती. ती होत होती तेंदूपत्त्याची पुडकी मोजून घेताना, आणि बिडी कारखान्याच्या ठेकेदाराकडे, जेथे वळलेल्या बिड्यांतून ‘छाट’ म्हणून मूठभर बिड्या बाजूला काढल्या जात, त्यांची मजुरी कापली जाई आणि बिड्या मात्र ठेकेदारापाशीच राहत. बिडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, १९७६ चा कल्याण निधीचा कायदा होता. पण त्या बाईच्या वतीने विचारणारी रजनी कोणत्याही मालिकेत नव्हती. ती ग्राहक नव्हती, श्रम विकणारी होती. आणि जाहिरातदारांच्या पैशावर उभ्या राहू लागलेल्या दूरचित्रवाणीला ग्राहक जितका जवळचा तितका मजूर नव्हता.

तथापि हा आक्षेप येथेच थांबवला तर तो अपुरा ठरतो. प्रश्न विचारण्याची सवय ही कोण्या एका वर्गाची मालमत्ता नव्हे. सरकारी मेजापलीकडे बसलेला माणूस आपला मालक नाही, तो उत्तर द्यायला बांधलेला आहे, ही जाणीव एकदा मनात शिरली की ती गॅसपुरती राहत नाही. मध्यमवर्गीय गृहिणीच्या तोंडून का होईना, पण सरकारी माध्यमातून ही गोष्ट प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या सोप्या भाषेत सांगितली गेली. चळवळीची निवेदने जे शब्दबंबाळ करून सांगत होती ते तिने एका वाक्यात सांगितले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

नव्वदच्या दशकात प्रिया तेंडुलकर भूमिकेच्या आडून बाहेर आल्या आणि स्वतःच्या नावाने चर्चेचा कार्यक्रम चालवू लागल्या. ‘प्रिया तेंडुलकर टॉक शो’ने त्यांची लोकप्रियता दुसऱ्यांदा सिद्ध केली. या कार्यक्रमाचे महत्त्व त्याच्या रचनेत होते. त्यापूर्वीच्या मुलाखती म्हणजे दोन आरामशीर खुर्च्या, फुलदाणी आणि परस्परांची स्तुती. येथे समोर प्रेक्षक बसलेले असत आणि ते बोलत असत. घरात चारचौघांत ज्या विषयाचा उच्चार होत नसे तो येथे उघडपणे निघे. निवेदिकेचे प्रश्न रोखठोक असत. पाहुणा कितीही मोठा असला तरी बगल देऊन सुटणे त्याला अवघड जाई. ‘रजनी’मध्ये एक बाई सर्वांच्या वतीने बोलत होती. येथे तिने इतरांना बोलते केले. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. १९६७ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरी फिल डोनाह्यू यांनी असा कार्यक्रम सुरू केला आणि प्रेक्षकांत शिरून, ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती देऊन प्रश्न विचारू दिले. जवळजवळ तीस वर्षे, १९९६ पर्यंत, तो चालला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डोनाह्यू वारले तेव्हा गृहिणींना नागरिक म्हणून वागवणारा माणूस अशा शब्दांत त्यांचे स्मरण झाले. परंतु त्यांच्या आयुष्यातील आणखी एक घटना ध्यानात ठेवली पाहिजे. २००२ मध्ये ते एका वृत्तवाहिनीवर परतले. इराकवरील नियोजित आक्रमणाला विरोध करणाऱ्यांना त्यांनी तेथे जागा दिली. आणि फेब्रुवारी २००३ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, त्यांचा कार्यक्रम बंद करण्यात आला. त्या वाहिनीवरील कार्यक्रमांत त्याला प्रेक्षक कमी नव्हते. युद्धाच्या दिवसांत असा चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल, ही भीती व्यवस्थापनाच्या अंतर्गत अहवालात लिहिलेली होती. ध्वनिक्षेपक प्रेक्षकांच्या हाती देणारा निवेदक थोर खरा. पण त्या ध्वनिक्षेपकाची तार ज्याच्या भिंतीत जाते तो ती केव्हाही काढू शकतो.

दूरचित्रवाणीवरील चर्चेचे अर्थकारण असे आहे. वाहिनीचा खरा ग्राहक प्रेक्षक नव्हे, जाहिरातदार होय. प्रेक्षक हा तिचा माल आहे. प्रश्नाने प्रेक्षक जमतात तोवर प्रश्नाला बाजारात भाव असतो. मालकाच्या हिताला धक्का लागताच तो उतरतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. तो योग्यच होता. परंतु त्या मालमत्तेचा उपयोग पुढे कोणी केला? प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, पण अमलात यायला १९९७ चा सप्टेंबर उजाडला, आणि स्वायत्तता तेव्हापासून आजवर कागदावरच राहिली. दुसरीकडे खाजगी वाहिन्यांची मालकी एकवटत गेली. २०१४ मध्ये नेटवर्क-१८ समूह रिलायन्सच्या आणि २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाच्या ताब्यात गेला. आज रात्रीच्या चर्चांत निवेदक आवाज चढवतो, पण तो बहुधा सत्तेवर नसलेल्यांवर. प्रश्नाची दिशाच उलटी झाली आहे. प्रिया तेंडुलकरांची उणीव खऱ्या अर्थाने जाणवते ती येथे. त्यांचा प्रश्न ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला असे.

हाच काळ आणखी एका प्रयोगाचा होता, आणि त्याची तुलना उद्बोधक आहे. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. हजेरीपटातील नावे जाहीरपणे वाचण्यात आली. मजूर एकेक करून उठून सांगू लागले की, या कामावर आपण गेलोच नव्हतो, ही मजुरी आपल्याला मिळालीच नाही. तेथेही श्रोते होते, ध्वनिक्षेपक होता, प्रश्न होते. परंतु तीन गोष्टी अशा होत्या की ज्या स्टुडिओत नसतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती कागद होता. ज्याला विचारायचे तो त्याच गावचा होता, उद्याही तेथेच राहणार होता. आणि कार्यक्रम संपल्यावर पाठपुरावा करणारी संघटना उभी होती. त्या सुनावण्यांतून आणि महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी केलेल्या आंदोलनातून माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. राज्यात २००२ मध्ये, देशात २००५ मध्ये. स्टुडिओतील प्रश्नाने लोकांची भीड चेपली. जनसुनावणीतील प्रश्नाने कायदा घडवला. दोहोंची गरज होती, पण दोहोंचे फळ सारखे नव्हते.

गोंदिया जिल्ह्याला जाहीर प्रश्नोत्तरे परकी नाहीत. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्र रात्र दंडार आणि नाटक चालते. खडी गंमतीत कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर एकमेकांना सवाल घालतात आणि जवाब मागतात, आणि सारे गाव पहाटेपर्यंत त्याचा निवाडा करीत बसते. ज्या समाजाला सवाल-जवाबाची इतकी आवड आहे, तो समाज धान खरेदी केंद्रावर मुका का होतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मार्केटिंग फेडरेशनची किंवा आदिवासी विकास महामंडळाची केंद्रे वेळेवर का उघडत नाहीत, बारदाना का नसतो, वजनात घट किती धरतात, चुकारे का रखडतात, हे दर हंगामात प्रत्येक शेतकरी शेजाऱ्याला विचारतो. ज्याने उत्तर द्यायचे त्याला मात्र विचारीत नाही. पुढचा हंगाम त्याच्याच हाती आहे, ही भीती त्यामागे असते. गरज नडल्यावर शेतकरी हमीभावापेक्षा कमी दराने व्यापाऱ्याला धान घालून मोकळा होतो. असे न विचारलेल्या प्रश्नाचे मोल तो दर क्विंटलमागे चुकते करतो.

उलट उदाहरणही याच मुलखातले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे संकलन व विक्री स्वतःकडे घेतली. लिलाव कसा होतो, भाव कोण ठरवतो, स्वामित्वशुल्क कोठे जाते, पुडके मोजणारा मुनशी कोणाचा, हे प्रश्न ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारले नव्हते, ते आता त्यांची उत्तरे स्वतःच्या वहीत लिहू लागले. अडचणी आल्या, व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव पाडण्याचे प्रकार झाले, सर्वच ग्रामसभांना यश आले असे नाही. परंतु जेथे आले तेथे ते कोणा एका धीट व्यक्तीमुळे आले नाही. एकत्र बसून, हिशेब मांडून, ठराव करून ते आले. रजनीची हिंमत आणि लाटणे मोर्चाची संघटना यांचा मेळ येथे बसला.

म्हणून प्रिया तेंडुलकरांचे स्मरण करावयाचे तर ते प्रश्न विचारण्याची जागा वाढवून केले पाहिजे. ही जागा आज आक्रसत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ व वेतन ठरवण्याचे अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम असे बदलले की, व्यापक जनहिताचा जो स्पष्ट अपवाद त्या कलमात होता तो गळाला. कोट किरानात जशी हजेरीपटातील नावे वाचली गेली तशी ती उद्या वाचता येतील की नाही, याची शंका यावी अशी ही दुरुस्ती आहे. या प्रश्नावर किती वाहिन्यांनी किती संध्याकाळी चर्चा घडवली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

पक्षाने आणि समविचारी संघटनांनी याबाबत तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन हा अर्ज स्वीकारण्याचा उपचार न राहता उघड सुनावणी व्हावी. तो आळीपाळीने जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत भरावा, प्रश्न आणि उत्तर दोन्ही नोंदले जावे, आणि ती नोंद त्या त्या ग्रामसभेत वाचून दाखवली जावी. दुसरी, ध्वनिलहरी सार्वजनिक असतील तर सार्वजनिक प्रसारणाने जिल्ह्यांसाठी वेळ राखून ठेवावा. सह्याद्री वाहिनीवर आठवड्यातून एक तास मुंबईबाहेरच्या एका जिल्ह्यातील नागरिकांनी तेथील अधिकाऱ्यांस व लोकप्रतिनिधींस समोरासमोर प्रश्न विचारावेत, अशी मागणी फार मोठी नाही. ती मान्य करायला पैसा लागत नाही, उत्तर देण्याची तयारी लागते. तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांनी स्वतःकरिता करावयाची आहे. लोकांच्या वतीने बोलण्याची सवय चळवळीलाही जडली आहे. सभेत नेता बोलतो, लोक ऐकतात, आणि शेवटी आभार मानले जातात. निवेदिकेच्या जागी असलेल्या बाईने जे केले ते कार्यकर्त्यानेही शिकले पाहिजे: प्रश्न दुसऱ्याला विचारू द्यायचा, तो अडखळला तर थांबायचे, त्याच्या हाती कागद आहे की नाही ते पाहायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचे नाही.

प्रिया तेंडुलकर यांनी क्रांती केली नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. त्यांचे माध्यम बाजाराचे होते आणि त्या बाजाराच्या मर्यादेत त्यांना काम करावे लागले. तरीही त्या मर्यादेच्या आत राहून त्यांनी कोट्यवधी लोकांना अन्यायापुढे ‘असे का?’ म्हणावयास शिकवले. त्यापुढचे काम कोणत्याही निवेदिकेचे नव्हते. ते संघटनेचे होते, आणि ते अद्याप व्हावयाचे आहे. येत्या हंगामात धान खरेदी केंद्रापुढे रांग लागेल तेव्हा त्या रांगेतील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, आपापल्या पावत्या हाती घेऊन, केंद्रचालकाला चुकाऱ्याची तारीख लेखी मागावी. तेवढे कार्यकर्त्यांनी या जिल्ह्यात घडवून आणले तरी पुष्कळ झाले.